डेटाबेसची जत्रा आणि बोटीचा आठवडा: ओरॅकल ओपनवर्ल्ड २०१३

शनिवार, २१ सप्टेंबर

ओपनवर्ल्ड ही डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीची सॅन फ्रान्सिस्कोतली मोठी परिषद. तिथून बोलावणं आलं त्याला नाव होतं 'ब्लॉगर पास'. म्हणजे आत जायला पैसे नाहीत, सगळी सत्रं खुली, बाकी प्रवास-खाणं आपलं आपण. डेटाबेसच्या वेगाबद्दल मी जे काही खरडत असतो ते कॅलिफोर्नियात कोणी वाचत असेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसनं तिकिटाचा निम्मा भार उचलला. अट एकच, परत आल्यावर टीमला बसवून सगळं सांगायचं. राहायचा प्रश्न फ्रीमॉन्टच्या चुलतभावानं सोडवला. ऑगस्टच्या शेवटी डॉलर ६८ रुपयांवर गेला होता, तो मी निघेपर्यंत ६२-६३ वर उतरला, त्यामुळे निदान कॉफी पिताना गुणाकार थोडा सुसह्य झाला.

गणपती बुधवारी गेले आणि शुक्रवारी पितृपक्ष लागला. त्याच रात्रीचं विमान. आईला ते पसंत नव्हतं. "पितृपक्षात नवं काही घेऊ नये," हे तिनं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, घ्यायचं काहीच नाही, नुसतं बघून यायचंय.

विमानतळावर दादा घ्यायला आला होता. गाडीत बसल्याबसल्या मी डेटाबेसचा विषय काढणार, तर हा बोटींवर सुरू झाला. त्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अमेरिकाज कप नावाची शिडाच्या बोटींची स्पर्धा चालू होती. एका बाजूला न्यूझीलंड, दुसऱ्या बाजूला ओरॅकलचे संस्थापक आणि तेव्हाचे प्रमुख लॅरी एलिसन यांचा संघ. नऊ शर्यती आधी जिंकेल त्याचा कप. आधीच्या एका मालिकेत बोटीत नियमबाह्य वजन ठेवल्याबद्दल ओरॅकलचे दोन गुण कापले होते, म्हणजे त्यांना अकरा जिंकायच्या होत्या. न्यूझीलंड ८, ओरॅकल १ असा फळा लागला तेव्हा सगळ्यांनी सामान आवरायला घेतलं. त्यानंतर ओरॅकलनं एक जिंकली. शुक्रवारी तर न्यूझीलंड कितीतरी पुढे होतं, पण वारा पडला, चाळीस मिनिटांची मुदत संपली आणि शर्यतच रद्द झाली. पुन्हा घेतली ती ओरॅकलनं मारली. आज वारा चुकीच्या दिशेचा म्हणून कोणीच पाण्यात उतरलं नाही.

"ईडन गार्डन्स आठवतंय का, २००१?" दादा म्हणाला. "फॉलोऑननंतर लक्ष्मण-द्रविड. तसं चाललंय इथे."

वहिनींनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "भावजी, तुम्ही कॉन्फरन्सला आलात की रेस बघायला?" तेव्हा मी ठामपणे उत्तर दिलं. आठवड्याच्या शेवटी तितकं ठाम देता आलं नसतं.

रविवार, २२ सप्टेंबर

फ्रीमॉन्टहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट बार्ट (तिथली लोकल) गाडी तेव्हा रविवारी नसायची. बे फेअरला उतरून दुसरी पकडायची. डब्यात निम्मी माणसं गळ्यात लाल-पांढरे बिल्ले अडकवलेली, म्हणजे रस्ता विचारायची गरज नाही. पॉवेल स्टेशनला उतरायचं आणि बिल्ल्यांच्या मागे चालायचं.

मॉस्कोनी सेंटर बाहेरून फसवतं. दोन मोठे हॉल जमिनीखाली आहेत, रस्त्याच्या पोटातून एकमेकांना जोडलेले, वर बाग. हे नाव जॉर्ज मॉस्कोनी या महापौरांचं, ज्यांना १९७८ साली नगरसेवक हार्वी मिल्क यांच्याबरोबर सिटी हॉलमध्ये गोळ्या घातल्या. इमारतीत शिरणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक असेल कोण जाणे. दोन हॉलांमधला हॉवर्ड स्ट्रीट आठवडाभर बंद करून त्यावर मंडप घातला होता. रस्ता अडवून मंडप हे दृश्य पुणेकराला नवीन नाही, नवीन होतं ते हे की खड्डे दिसत नव्हते.

रविवार हा वापरकर्त्यांच्या संघटनांचा दिवस. मला विचाराल तर आठवड्यातला सगळ्यात प्रामाणिक दिवस. इथे बोलणारे लोक विकणारे नसतात, वापरणारे असतात. एका वीज कंपनीतल्या बाईंनी त्यांचा ओरॅकलच्या ११जी आवृत्तीचा डेटाबेस १२सी या नव्या आवृत्तीवर नेताना काय काय मोडलं ते क्रमानं सांगितलं. १२सी जेमतेम तीन महिन्यांचं होतं, त्यामुळे खोली भरलेली आणि वह्या उघड्या. त्यात नवीन काय, तर एका मोठ्या 'कंटेनर' डेटाबेसमध्ये अनेक छोटे डेटाबेस खुपसता येतात, जास्तीत जास्त २५२. प्रत्येकाला वेगळी मेमरी, वेगळ्या बॅकग्राउंड प्रोसेस नकोत. आमच्याकडे एकाच सर्व्हरवर नऊ-दहा डेटाबेस एकमेकांची मेमरी ओढत बसलेले असतात, म्हणून मी हे कान टवकारून ऐकलं. बाईंचा सल्ला सरळ होता: आधी टेस्टवर न्या, जुने स्टॅटिस्टिक्स (टेबलांबद्दल डेटाबेसनं जमवलेले आकडे) जपून ठेवा, आणि पहिल्या आठवड्यात सुट्टी मागू नका.

संध्याकाळी पाचला मुख्य भाषण. दुपारी खाडीत ओरॅकलच्या बोटीनं लागोपाठ दोन शर्यती मारल्या होत्या, ८-५. हॉलमधे वातावरण तापलेलं. आधी फुजित्सू या जपानी कंपनीचं लांबलेलं सादरीकरण, मग एलिसन आले, आणि तासभर एकच विषय: मेमरी.

विषय असा. बँकेचं टेबल घ्या. एका खातेदाराची सगळी माहिती हवी असेल तर ती ओळीनं साठवलेली बरी, एका फटक्यात मिळते. पण सगळ्या खात्यांच्या शिलकेची बेरीज हवी असेल तर बाकीचे रकाने कशाला वाचायचे? तिथे उभे रकाने वेगळे साठवलेले असले की काम झटक्यात होतं. आजवर दोन्ही गरजांसाठी लोक दोन वेगळ्या यंत्रणा ठेवायचे. सॅप या प्रतिस्पर्धी कंपनीनं २०११ मध्ये हाना हा मेमरीत चालणारा डेटाबेस बाजारात आणला ते हेच दुखणं हेरून. एलिसन यांचं उत्तर असं की तेच टेबल मेमरीत एकाच वेळी ओळींतही ठेवू आणि रकान्यांतही. रकान्यांची प्रत फक्त मेमरीत राहील, तिची डिस्कवर नोंद नाही, त्यामुळे ती सांभाळायला फारसा खर्च नाही. आणि ती असली की अहवालांसाठी केलेले ढीगभर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून बाजूला ठेवलेल्या याद्या) काढून टाकता येतील. इंडेक्स गेले की नवी नोंद टाकण्याचा वेगही वाढतो. प्रश्नांची उत्तरं शंभरपट लवकर, व्यवहार दुप्पट वेगानं, ॲप्लिकेशनमध्ये काही बदलायचं नाही, स्विच टाकला की झालं.

'स्विच टाकला की झालं' हे शब्द ऐकून माझ्या शेजारचा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, खाली बघून हसला. मीही. विचारामागचा तर्क मात्र पक्का होता, हे दोघांनीही मान्य केलं.

मग यंत्रं आली. एम६-३२ नावाचा सर्व्हर, ३२ टेराबाइट मेमरीचा. आणि बॅकअपसाठी एक नवं यंत्र, त्याचं नाव 'ओरॅकल डेटाबेस बॅकअप लॉगिंग रिकव्हरी अप्लायन्स'. नाव पडद्यावर आलं तेव्हा हॉल हसला. पुढच्या वर्षी ते विक्रीला आलं तेव्हा नावात 'झीरो डेटा लॉस' आलं होतं. मार्केटिंगवाल्यांनाही कधीतरी काम असतंच.

सोमवार, २३ सप्टेंबर

आयोजकांच्या आकड्यानुसार साठ हजार माणसं. साठ हजारांचं जेवण म्हणजे खोके. त्यात थंड सँडविच, सफरचंद, चिप्सची पुडी. रांगेत मागून आवाज आला, "अरे हिरवं लेबल बघ, व्हेज असेल." वळून बघितलं तर हडपसरचे दोघे. सँडविच हातात धरून आम्ही बागेच्या कट्ट्यावर अर्धा तास पुण्याच्या ट्रॅफिकवर बोललो. जवळ १९०६ सालचं एक जुनं लाकडी मेरी-गो-राउंड आहे, काचेच्या खोलीत. तिथे मुलं घोड्यांवर फिरत होती आणि त्यांच्यासमोर बिल्लेवाले लोक लॅपटॉप उघडून फोनवर कोणाची तरी समजूत घालत होते.

तिथेच मुलांच्या संग्रहालयात ओकटेबल मंडळींची वेगळी, फुकट बैठक भरली होती. हे जुने, चिवट डेटाबेसवाले. मंचावर स्लाइड कमी, टर्मिनल (प्रत्यक्ष कमांड चालवायची खिडकी) जास्त. कोणी दावा केला की पुढचा म्हणतो, चालवून दाखव. ओपनवर्ल्डच्या कार्यक्रमपत्रिकेत यांचं नाव नाही, पण इथे येऊन बसलेल्या माणसांत मला मुख्य हॉलमधले निम्मे जाणते चेहरे दिसले.

दुपारी 'रिअल-वर्ल्ड परफॉर्मन्स' गटाचं सत्र. हे ओरॅकलचेच लोक, पण ग्राहकांच्या आगी विझवणारे. त्यांचा एक मुद्दा मी तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ऐकवतो. ॲप्लिकेशन हळू चाललं की आपली पहिली प्रतिक्रिया काय? ॲप्लिकेशनपासून डेटाबेसपर्यंतची कनेक्शन वाढवा. हे लोक नेमकं उलटं करून दाखवतात. तेच यंत्र, तोच भार, आणि हजारो कनेक्शन कमी करत करत शंभराच्या आत आणायची. प्रत्येक पायरीला प्रतिसादाचा वेळ घटतो. कारण सीपीयूचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, मोजकेच असतात. दोन हजार प्रोसेस त्यांच्यासाठी भांडायला लागल्या की यंत्राचा वेळ कामापेक्षा अदलाबदलीत आणि कुलपं सोडवण्यात जातो. कोअर किती हे मोजा, त्याच्या थोड्या पटीत कनेक्शन ठेवा, बाकीच्यांना दाराबाहेर रांगेत उभं करा. हे त्यांनी आकडे हलताना दाखवलं, म्हणून पटलं. फुकटचा उपाय आहे, कुठलं लायसन्स नको. म्हणूनच बहुधा तो मुख्य भाषणात येत नाही.

प्रदर्शनाच्या हॉलबद्दल फार लिहीत नाही. बिल्ला स्कॅन करू दिला की टी-शर्ट मिळतो आणि पुढचे सहा महिने ईमेल. मी तीन टी-शर्टांवर थांबलो.

बोट: आज एकच शर्यत झाली. ८-६.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज दुपारी एलिसन यांचं दुसरं भाषण, विषय क्लाउड, म्हणजे स्वतःची यंत्रं न ठेवता इंटरनेटवरून भाड्यानं वापरणं. याच आठवड्यातली ही मोठी गोष्ट, कारण क्लाउडची थट्टा करणारा माणूस आता त्यावरच कंपनी पैजेला लावणार होता. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड अँडरसन यांचं सादरीकरण. वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या या दोन कंपन्यांनी जूनमध्ये हात मिळवले होते, ओरॅकल आता मायक्रोसॉफ्टच्या अझुअर या क्लाउडवर चालणार. जुन्या लोकांना ते अजून खरं वाटत नव्हतं.

मात्र खुर्च्यांमधल्या कितीतरी लोकांच्या मांडीवर फोनमध्ये बोट चालू होती. पहिली शर्यत ओरॅकलची. ८-७. दुसरीही. ८-८. ज्या संघाला गेल्या बुधवारी सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली होती तो बरोबरीला आला. आता उद्या एकच शर्यत, जो जिंकेल त्याचा कप.

आणि मंचावर एलिसन आलेच नाहीत. ओरॅकलचेच थॉमस कुरियन आले. लॅरी संघाबरोबर पाण्यावर आहेत, भाषण मी करणार, असं त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा थोडं हसू, मग कुजबुज, मग खुर्च्या वाजू लागल्या. माणसं उठली. एकेक नव्हे, रांगाच्या रांगा. माझ्या ओळीत मी आणि एक जपानी गृहस्थ उरलो.

आता पाहुण्यानं काय लिहायचं? बाहेर आल्यावर आम्हा बोलावलेल्या चार-पाच जणांत हाच विषय. एकाचं म्हणणं, पास त्यांनी दिलाय, उठून गेलेल्या लोकांबद्दल लिहिणं बरं दिसत नाही, क्लाउडवर लिही. दुसरी म्हणाली, तेवढंच लिही, बाकी उद्या कोणी वाचणार नाही. मला दोन्ही पटेना. हॉलमध्ये बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या कंपन्यांनी दोन हजार डॉलरच्या वर मोजून त्यांना पाठवलेलं. त्यांना मालकाच्या तोंडून ऐकायचं होतं की उद्या आमचा पैसा कुठे लावायचा. मालक बोटीवर होते. ग्राहकाला जे दिसलं ते पाहुण्यालाही दिसलं, आणि फुकट खुर्ची मिळाली म्हणून रिकामी खुर्ची भरलेली दिसत नाही. त्याच रात्री मी तसंच लिहून टाकलं.

पण त्याच लेखात मी हेही लिहिलं की जे उठून गेले त्यांचं नुकसान झालं. कुरियन यांनी फार नाट्य केलं नाही. डेटाबेस सेवा म्हणून कशी मिळेल, तिच्यातलं कशाचं नियंत्रण आपल्याकडे राहील, बॅकअप कोण घेणार, हे त्यांनी नीट उलगडलं. डीबीएच्या पोटापाण्याशी थेट संबंध असलेलं भाषण होतं ते. एलिसन यांनी ते अधिक रंगवून सांगितलं असतं, आणि आम्ही टाळ्या वाजवून कमी समजून घेतलं असतं. कुरियन पुढे २०१९ पासून गूगल क्लाउडचे प्रमुख झाले. त्या दुपारच्या अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये हे कोणाच्या ध्यानीमनी नसणार.

रात्री दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या तू तरी भाषणाला बसू नकोस."

बुधवार, २५ सप्टेंबर

बसलो नाही. सकाळची दोन सत्रं उरकली (एक बरं, एक शुद्ध जाहिरात) आणि चालत एम्बार्केडेरो हा खाडीकाठचा रस्ता गाठला. पिअर २७ जवळ माणसांचा समुद्र. न्यूझीलंडचे काळे झेंडे, ओरॅकलचे काळे टी-शर्ट, त्यामुळे कोण कुणाचा हे बोलल्याशिवाय कळेना. शेजारी उभा राहिलेला किवी म्हातारा खास ऑकलंडहून आला होता. त्यांच्या संघात सरकारचे पैसे होते, ३.६ कोटी न्यूझीलंड डॉलर, त्यामुळे तो म्हणे की माझाही त्या बोटीत एक खिळा आहे. उलट एलिसन यांच्या बोटीवर झेंडा अमेरिकेचा, कप्तान जिमी स्पिटहिल ऑस्ट्रेलियन आणि डावपेच आखणारे बेन एन्सली इंग्रज.

या बोटी पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितल्या तेव्हा मला त्या बोटी वाटल्याच नाहीत. ७२ फूट लांब, दोन सांगाड्यांच्या, आणि शीड म्हणजे कापड नव्हे, जवळपास चाळीस मीटर उंच ताठ पंख. वेग आला की पाण्याखालच्या छोट्या पात्यांवर उचलल्या जातात आणि दोन्ही सांगाडे पाण्याबाहेर येतात. मग ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, आणि आवाज जवळजवळ नाहीच.

सुरुवातीला न्यूझीलंड पुढे. ओरॅकलचं नाक एकदा पाण्यात घुसलं तेव्हा आमच्या भोवतीची गर्दी एकदम "ओह" करून थांबली. तिसऱ्या टप्प्यात, वाऱ्याच्या विरुद्ध जाताना, काहीतरी घडलं. पडद्यावर बघूनही मला ते नीट कळलं नाही, पण ओरॅकलची बोट वाऱ्याविरुद्धही पात्यांवर उचललेली राहिली आणि अंतर उलटं झालं. ४४ सेकंदांनी जिंकले. ८-१ वरून ९-८. किवी म्हाताऱ्यानं टोपी काढली, मला म्हणाला, तुमच्या कंपनीनं चांगलं केलं. माझी कंपनी नाही हे सांगायला मला लाज वाटली, म्हणून हात मिळवला.

परत येईपर्यंत मॉस्कोनीत सगळे खुशीत होते, मंगळवारी उठून गेलेलेही. संध्याकाळी मेट्रिऑनमधल्या बारमध्ये ब्लॉगरांचा मेळावा. ज्यांची नावं वर्षानुवर्षं फक्त पडद्यावर वाचली होती ती माणसं समोर बिअर घेऊन उभी. एका फिन्निश गृहस्थांशी मी लॅचवर (डेटाबेसच्या मेमरीतली छोटी कुलपं) वीस मिनिटं वाद घातला आणि शेवटी दोघेही एकाच बाजूचे निघालो.

तिथून बसनं बे ब्रिजवरून ट्रेझर आयलंड. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खाडीत भराव टाकून केलेलं बेट. ग्राहकांसाठी तिथे मैफल, मरून ५ आणि द ब्लॅक कीज हे दोन बँड. खाडीवरून येणारा वारा हाडात शिरत होता. सप्टेंबर महिना म्हणून पातळ शर्टात आलेले सगळे भारतीय एका हीटरभोवती गोळा झालेले. ऐकायला येत होतं ते गाणं कमी आणि 'उद्या कुठली फ्लाइट' जास्त.

गुरुवार, २६ सप्टेंबर

शेवटचा दिवस. प्रत्येक खोलीच्या मागच्या भिंतीला बॅगा लावलेल्या. आमच्या कामाचं एक सत्र याच दिवशी होतं: १०जी या जुन्या आवृत्तीवरून थेट पुढे कसं यायचं. १०जी चा वाढीव सपोर्ट जुलैअखेर संपला होता, आणि खोलीत हात वर करा म्हटल्यावर निम्मे हात वर आले. साठ हजारांच्या त्या जत्रेत पुढचं जग दाखवत होते आणि इथे बसलेल्यांना मागचं पुरलं होतं. वक्त्यानं फार गोड बोलणं केलं नाही. म्हणाला, तुमचे एसक्यूएल (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) किती वेळ घेतात ते आधी मोजून ठेवा, मग पुढच्या आवृत्तीवर तेच चालवा, जे बिघडतील तेवढेच दुरुस्त करा.

ऑक्टोबरमध्ये पुण्यात टीमसमोर बसलो. कनेक्शनचा प्रयोग दाखवला, तो सगळ्यांना आवडला आणि दुसऱ्याच आठवड्यात एका ठिकाणी उपयोगी पडला. ओळी-रकान्यांचं सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "हे आपल्या लायसन्समध्ये येतं का?" तेव्हा उत्तर नव्हतं. २०१४ च्या जुलैत ते बाजारात आलं तेव्हा मिळालं: वेगळा ऑप्शन, दर प्रोसेसरला २३,००० डॉलर, मूळ एंटरप्राइज एडिशनच्या ४७,५०० वर. आमच्या क्लायंटनं हा आकडा बघितला आणि कळवलं की सध्या अहवालांसाठीचे इंडेक्स आहेत तसेच राहू द्या.